दुसऱ्याच्या नावापुढची खूण

माझी भावजय रेजिना व्रोबल पोर्ट मॅरियनमध्ये कुणाला ठाऊक नाही, असं होत नाही. असलाच असा कुणी, तर तो शुक्रवारी घरी सँडविच खाऊन झोपणारा असला पाहिजे. सेंट हेडविग चर्चच्या तळघरातल्या हॉलात दर शुक्रवारी संध्याकाळी ती मासे तळते आणि नदीच्या आमच्या बाजूचं निम्मं गाव हातात ताट घेऊन रांगेत उभं असतं. महापौर त्या रांगेत उभे राहिलेले मी पाहिलेत. एकदा साक्षात बिशप आले, तर कुणीतरी त्यांना पुढे घ्यायला निघालं. रेजिना कढईवरची नजर न काढता म्हणाली, "बिशपसाहेब, रांग जिन्यापर्यंत आहे. पण भराभर सरकते हं." बिशप गेले बिचारे जिन्यापाशी.

मी डेलफिन, तिची नणंद. तोंडाने फटकळ. हे मीच सांगून टाकते, म्हणजे गावाला तसदी नको. माझं केस कापायचं दुकान आहे, आणि आमचा लेन पहिल्यांदा हिला घरी घेऊन आला तेव्हा मी आईच्या कानात कुजबुजले होते, "अगं, हिच्या केसांना तळणीचा वास येतोय!" माझी कुजबूज म्हणजे काय, शेजारच्या घरात ऐकू जाते. रेजिनाने वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "येतो खरा. तुझं दुकान आहे ना? धुऊन देशील?" आता काय बोलणार? दिले धुऊन. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी ती माझ्या दुकानात येते, मान मागे टाकून बेसिनपाशी बसते, आणि मी तिच्या केसांतून शुक्रवार काढते. जगात कुणाशी मी इतकी बोलले नसेन जितकी त्या बेसिनशी बोललेय.

तिची एक सवय मात्र मला पहिल्यापासून खटकायची. तळणारी, वाढणारी ही, आणि जेवणार सगळ्यांच्या शेवटी. तोवर पर्च मासा संपलेला असायचा. मग राय ब्रेडचा तुकडा आणि कोबीची उरलीसुरली कोशिंबीर घेऊन कोपऱ्यात बसायची. "अगं, चार तुकडे बाजूला काढून ठेव की आधी!" मी म्हणायचे. ती म्हणायची, "वाढणाऱ्याने आधी आपलं ताट भरायचं? बाबांनी मला बदडलं असतं."

हे बाबा म्हणजे तिचा बाप, काझिमिर. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला होता. कामगारांच्या संघटनेत पुढारी निवडायचा होता तेव्हा हा उभा राहिला आणि एका मताने पडला. पडला कसा? तर याने स्वतःचं मत समोरच्या माणसाला दिलं होतं. स्वतःच्या नावापुढे खूण करणं म्हणजे हावरटपणा, असं त्याचं ठाम मत. शीळ घालत घरी आला आणि बायकोला अभिमानाने सांगितलं. तिने त्याला आठवडाभर गार सूप वाढलं, आणि मला विचाराल तर योग्य केलं. ही गोष्ट रेजिना मला बेसिनवर कितीतरी वेळा हसत हसत सांगायची. मीही हसायचे. अक्कल असती तर तेव्हाच सावध झाले असते.

आता पुलाचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

आमचा चौथा वॉर्ड नदीच्या पूर्वेला. इस्पितळ, नगरपालिका, मोठी दुकानं, सगळं पश्चिमेला. मध्ये उचलता पूल. सरोवरातून सिमेंटचं किंवा कोळशाचं जहाज आत आलं की भोंगा वाजतो, फाटकं पडतात आणि पूल वर जातो. आमच्याकडे कुणाला उशीर झाला तर कुणी कारण विचारत नाही. लग्नात नवरी अडकते, पाद्री अडकतो, एकदा मयतसुद्धा अडकलं होतं. म्हणूनच आमच्या बाजूला चार नंबरचं फायर स्टेशन आहे. एक बंब, एक अँब्युलन्स, आणि सदानकदा कॉफी पीत बसलेली पोरं, असं लोक चेष्टेने म्हणतात.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये लेन अंगणात गवत कापता कापता खाली बसला आणि उठेचना. छातीवर हात. रेजिनाने फोन केला. त्याच वेळी भोंगा वाजला. मी तिच्या ओसरीवर उभी होते आणि झाडांवरून पुलाचं धूड वर चढताना मला दिसत होतं. पण चार नंबरची पोरं कॉफीचे कप तसेच टाकून आली होती. अंगणातच त्यांनी लेनचं हृदय पुन्हा चालू केलं. जहाज जाऊन पूल खाली येईस्तोवर माझा भाऊ श्वास घेत होता. त्या दिवसापासून चार नंबरच्या पोरांना कॉफीवरून चिडवलेलं मी खपवून घेत नाही.

आणि त्याच हिवाळ्याच्या तोंडाला नगरपालिकेने काढलं की चार नंबर बंद करायचं!

पश्चिमेला नवं, झकपक स्टेशन होणार, सगळं तिथूनच चालणार. हे सभागृहात पटवून कोण देत होतं? आमचाच नगरसेवक, गॉर्डन लिंडक्विस्ट. गॉर्डन वाईट माणूस नाही, हे रागातसुद्धा कबूल करायला हवं. हार्डवेअरचं दुकान चालवतो, वीस वर्षं आमच्या वॉर्डातून निवडून येतोय, रस्त्यात खड्डा पडला तर तिसऱ्या दिवशी बुजवून घेतो. बर्फ पडलं की स्वतःचं यंत्र काढून अख्ख्या गल्लीच्या पायवाटा मोकळ्या करतो. फक्त एकदा त्याच्या डोक्यात काही बसलं की घण घातला तरी हलत नाही, आणि नकाशा उघडला की त्याला माणसं दिसत नाहीत.

सभेत नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात, मग लाल दिवा लागतो. रेजिनाला एवढी लागलीच नाहीत. ती मायक्रोफोनपाशी गेली, स्वेटरची बटणं नीट केली आणि म्हणाली, "गॉर्डन, पूल वर असला तर?"

गॉर्डन समजूतदारपणे हसला. "रेजिना, पूल दिवसातून असा किती वेळ वर असतो?"

"लेनला मरायला तेवढाच वेळ पुरला असता," ती म्हणाली आणि येऊन खाली बसली.

लेन माझ्या शेजारी बसला होता, तो आपल्या टोपीकडे बघत राहिला. गॉर्डनचे कान लाल झाले, पण नकाशा काही मिटला नाही. शेवटी त्या सगळ्या शूरवीरांनी ठरवलं काय, तर हा विषय एप्रिलच्या निवडणुकीनंतर घेऊ. निवडणूक आली की यांची जीभ टाळूला चिकटते.

घरी जाताना गाडीत मी म्हणाले, "रेजिना, उभी राहा."

"कुठे?"

"डोंबल तुझं! निवडणुकीला! अख्खा वॉर्ड तुझ्या हातचं खातो. मत देताना हात आखडणारेत का?"

तिला वाटलं मी थट्टा करतेय. ती तीन शनिवार नाही म्हणत होती. चौथ्या शनिवारी, डोक्याला फेस असताना, डोळे मिटलेलेच ठेवून ती म्हणाली, "डेलफिन, काल चार नंबरचा तो उंच मुलगा मासे खायला आला होता. विचारत होता, आम्हाला कुठे पाठवतील ठाऊक आहे का? मला उत्तर देता आलं नाही. उभी राहते मी."

झालं! मी प्रचारप्रमुख. दुकानाच्या आरशाखाली पत्रकं, ड्रायरपाशी पत्रकं. आमच्याकडे नगरपालिकेच्या निवडणुकीत पक्ष नसतात, माणूस आणि त्याचे बूट. फेब्रुवारीत, नाक गळून पडेल अशा थंडीत आम्ही दोघी दारोदार फिरलो. मी बोलायचे, ती ऐकायची. मी म्हणायचे, "भाषण कर!" आणि ही विचारायची, "तुमच्या आईचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे आता?" पण लोक तिला आत बोलवायचे आणि मला पायपुसण्यावर उभी करायचे, हेही खरं.

अंगणात लावायच्या पाट्या आल्या. त्यांना लाकडी खुंट हवेत. ही बाई खुंट आणायला गेली कुठे, तर गॉर्डनच्या दुकानात!

"अख्ख्या गावात दुसरं दुकान नव्हतं?" मी किंचाळले.

"नदीच्या या बाजूला नाही," ती म्हणाली. "आणि गॉर्डनने टोकं तासून दिली. म्हणाला, जमीन गोठलीय, नाहीतर आत जायचे नाहीत."

म्हणजे ज्याला पाडायचं, त्यानेच तासून दिलेल्या खुंटांवर आमच्या पाट्या उभ्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लेन मात्र खुर्चीत बसून पोट धरून हसत होता. डॉक्टरांनी त्याला जास्त हसायला मनाई केली होती की नाही, ठाऊक नाही.

मतदानाच्या दिवशी पाऊस आणि बर्फ दोन्ही एकदम पडत होतं. मतदान सेंट हेडविगच्याच हॉलात, तिच्या कढईपासून चार पावलांवर. रेजिना सकाळीच जाऊन मत देऊन आली, कोटावर 'मी मत दिलं' असं लिहिलेली चिकटपट्टी लावून. चेहरा असा शांत, जणू बटाटे सोलून आली आहे. संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात आम्ही भांडी विसळत होतो तेव्हा फोन आला. लेनने घेतला. ऐकलं. रिसीव्हर खाली ठेवून म्हणाला, "सारखी."

"काय सारखी?"

"मतं. तिला जितकी, त्याला तितकी."

पुन्हा मोजणी झाली. दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या समोर, एकेक मतपत्रिका उलटून पालटून. मी स्वतः चष्मा लावून उभी होते. तीच बरोबरी. नगरसचिव मिस ओटो, जिच्या चेहऱ्यावर मी आजवर कधी सुरकुती हललेली पाहिली नाही, तिने सांगितलं की कायद्याप्रमाणे आता चिठ्ठी टाकून निकाल लागेल.

त्या दुपारी मी रेजिनाकडे कॉफी पीत बसले होते आणि तोंडाचा पट्टा सुरू होता. "एक मत! अगं, एक मत कमी पडलं! कोण असेल तो करंटा? त्या कोपऱ्यावरच्या जुन्या दंतवैद्याने दिलं नसेल. नाहीतर पोस्टातली ती शिष्ट. मला नुसतं नाव कळू दे, तिचे केस असे कापते की..."

"डेलफिन," रेजिना म्हणाली. "मी गॉर्डनला मत दिलं."

मी कप खाली ठेवला. ठेवला म्हणजे बशीच्या बाहेर ठेवला.

"काय केलंस?"

"पेन हातात घेतलं. माझ्या नावाकडे बघितलं. हात वळेना. बाबा आठवले. मग मी त्याच्या नावापुढे खूण केली."

"डोकं फिरलंय का तुझं?" मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकायला लागलं. "तुझ्या नवऱ्याचा जीव वाचवला त्या स्टेशनने! आणि ते बंद करणाऱ्याला मत? तुझं एक मत तुला दिलं असतंस तर आज निवडून आली असतीस! दोन मतांनी! मी फेब्रुवारीत बोटं गोठवून घेतली ती यासाठी?"

"मी गॉर्डनला मत दिलं, स्टेशन बंद करायला नाही," ती म्हणाली. "आणि मला वाटलं होतं, लोकांना मी हवी असेन तर लोक देतील. माझ्याच मताने निवडून आले, तर निवडून आले कसली? चुकले असेन मी. नक्कीच चुकले. पण हात वळला नाही, डेलफिन. काय करू?"

लेन दारात उभा होता. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "काझिमिरची मुलगी आहे," एवढंच म्हणाला. मी कोट उचलला आणि दार आपटून निघाले.

त्या शनिवारी मला वाटलं ती येणार नाही. आली. नेहमीच्या वेळी, नेहमीच्या खुर्चीत. मान मागे टाकली. मी एक शब्द बोलले नाही, फक्त चोळत राहिले, जरा जोरातच. मग तिच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडेने पाणी आलं आणि कानाकडे गेलं. फेसाचं पाणी डोळ्यांत जात नसतं. मी इतकी वर्षं धंदा करतेय. मी टॉवेल घेतला आणि तिचा चेहरा पुसला. "गार सूप वाढायला हवं तुला आठवडाभर," मी म्हणाले. ती हसली, आणि मग मी रडायला लागले, आणि पुढचं गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं.

चिठ्ठी टाकायच्या दिवशी नगरपालिकेची ती खोली गच्च भरली होती. चार नंबरची पोरं गणवेशात मागे भिंतीला टेकून उभी. मिस ओटोने आपल्या टेबलावरचा काचेचा वाडगा घेतला, त्यातल्या टॉफ्या खणात ओतल्या आणि वाडगा रुमालाने पुसला. दोन सारख्या चिठ्ठ्या. दोघांनी आपापलं नाव वाचून बघितलं, घडी घातली. गॉर्डनने त्या दिवशी टाय लावला होता. त्याची बायको मला ऐकू येईल असं शेजारणीला सांगत होती, "एक मत तरी इकडचं तिकडे व्हायला हवं होतं. लोकांना कदरच नाही हो."

मी ठरवलं होतं गप्प बसायचं. आईशपथ ठरवलं होतं. पण ते 'कदर' ऐकलं आणि माझ्या डोक्यात सणक गेली.

"कदर?" मी उभी राहिले. "गॉर्डन लिंडक्विस्ट, तू कुणाला मत दिलंस रे?"

"मला," तो गोंधळून म्हणाला. "म्हणजे... अर्थात मला."

"मग ऐक. तुझ्या मतांतलं एक मत हिचं आहे! हिने तुला मत दिलंय! नाहीतर तू आज इथे नसतास, दुकानात खिळे मोजत बसला असतास!"

"डेलफिन!" रेजिनाने माझी बाही ओढली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. मला वाटलं आता ही मला आयुष्यभर केस धुवू देणार नाही.

गॉर्डन तिच्याकडे बघत राहिला. "खरं आहे, रेजिना?"

"हो," ती म्हणाली. "पण ते गुप्त असतं, गॉर्डन. हिने बोलायला नको होतं."

"पण का? मी काय करणार आहे, तुला तर ठाऊक होतं."

"होतं ना. पण वीस वर्षं तू माझ्या दारातलं बर्फ काढतोस. एक खूण करताना त्याचा विचार नको करायला? आणि स्वतःच्या नावापुढे करायची मला सवय नाही."

गॉर्डन मिस ओटोकडे वळला. "हे... यात काही करता येतं?"

"मत दिलं ते दिलं, मिस्टर लिंडक्विस्ट," मिस ओटो म्हणाली. तिने मान वळवून डोळे दुसरीकडे लावले, वाडग्यात हात घातला आणि एक चिठ्ठी काढली. तिच्या चेहऱ्यावरची सुरकुती त्या दिवशी हलली, मी पाहिली. "गॉर्डन लिंडक्विस्ट."

कुणीही टाळी वाजवली नाही. त्याच्या बायकोनेसुद्धा नाही. मागे चार नंबरच्या उंच मुलाने टोपी डोक्यावरून काढली. रेजिना मात्र सरळ गॉर्डनकडे गेली, हात पुढे केला आणि म्हणाली, "अभिनंदन. शुक्रवारी ये जेवायला."

तो आला नाही. त्या शुक्रवारी नाही, पुढच्याही नाही. सगळा मे महिना त्याने तोंड लपवलं. दुकानात गेलं तर मागच्या खोलीत. मी म्हणाले, "बघ, तुझा गॉर्डन." रेजिना म्हणाली, "त्याला थोडा वेळ दे." मला त्याला काय काय द्यावंसं वाटत होतं, ते मी सांगत नाही.

जूनमध्ये चार नंबरचा विषय सभागृहात आला. नऊ नगरसेवक. कोण कुठे आहे हे गावभर ठाऊक होतं: चौघं बंद करा म्हणणारे, चौघं राहू द्या म्हणणारे, आणि नकाशा मांडणारा आमचा गॉर्डन. म्हणजे खेळ खलास. तरी आम्ही गेलो. रेजिना आदल्या दिवशीच चार नंबरला जाऊन पोरांना निरोपाचा म्हणून राय ब्रेड देऊन आली होती. तिलाही आशा नव्हती, हे त्या ब्रेडवरून मला कळलं.

मत देताना आमच्याकडे दर सभेला वेगळ्या वॉर्डापासून हाक सुरू होते. त्या दिवशी पाचव्यापासून झाली, म्हणून चौथा वॉर्ड शेवटी. मिस ओटो नावं घेत गेली. बंद करा. राहू द्या. राहू द्या. बंद करा. आठ झाले, चार आणि चार. लेनने माझा हात धरला होता की मी त्याचा, देव जाणे.

"मिस्टर लिंडक्विस्ट?"

समोरचा नकाशा गॉर्डनने घडी घालून बाजूला सरकवला.

"माझं मत बदललेलं नाही," तो म्हणाला. "नवं स्टेशन पुरेल, असंच मला अजून वाटतं. पण मी या खुर्चीत ज्या मतामुळे बसलोय, ते देणाऱ्या बाईला मी काय करणार हे माहीत होतं. तिच्या घरचा माणूस जाता जाता वाचला होता. तरी तिला स्वतःच्या नावापुढे खूण करवली नाही. मी आयुष्यात एकदाही दुसऱ्याच्या नावापुढे खूण केलेली नाही." त्याने मिस ओटोकडे बघितलं. "आज करतो. चार नंबर राहू द्या."

मिस ओटोने निकाल वाचला की नाही, मला ठाऊक नाही. चार नंबरच्या पोरांनी काय आरडाओरडा केला! अध्यक्ष हातोडा आपटत राहिले आणि कुणी ऐकलं नाही. मी लेनच्या गळ्यात पडून रडत होते. आणि मग मी रेजिनाकडे बघितलं. ती खुर्चीतच बसून होती, दोन्ही हात मांडीवर, तळणीचे डाग पडलेले ते हात. मला एकदम वाटलं, उठून साऱ्या सभागृहाला ओरडून सांगावं, ही माझी भावजय आहे! माझी! हिचे केस मी धुते! नाही सांगितलं. एवढीच काय ती अक्कल मला त्या दिवशी सुचली. पण छाती अशी भरून आली होती की कोटाची बटणं तुटतील असं वाटत होतं.

शुक्रवारी गॉर्डन आला. बायकोला घेऊन, रांगेत जिन्याच्या पायरीवर मुकाट उभा. सरकत सरकत कढईपाशी आला. मी कोशिंबीर वाढत होते, त्याला एक डाव जास्त घातली. क्षमा मागायची माझी हीच पद्धत.

"रेजिना," तो हळूच म्हणाला, "दोन वर्षांनी तू पुन्हा उभी राहा. मी मत कुणाला देणार, ऐकायचंय?"

"मुळीच नाही," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात पर्चचे तुकडे टाकले. "ते गुप्त असतं. आणि इथे तर बोलूच नकोस, ही डेलफिन गावभर ओरडेल."

सगळे हसले, मीसुद्धा. मग मी एक गोष्ट केली. कढईतून चार चांगले, खरपूस तुकडे काढले, एका ताटात ठेवले, वर झाकण घातलं आणि ते ताट टेबलाखालच्या फळीवर सरकवलं. रेजिनाने बघितलं आणि तोंड उघडलं.

"तू नाही भरलंस," मी दरडावलं. "मी भरलंय. आता गप्प बस आणि रांग सरकव."

तिने रांगेतलं पुढचं ताट हातात घेतलं. तेवढ्यात नदीकडून पुलाचा भोंगा ऐकू आला, आणि पाठोपाठ चार नंबरची अँब्युलन्स सायरन वाजवत आमच्या खिडकीवरून गेली. हॉलात कुणी मान वर केली नाही. इथे त्यात नवल काय? फक्त लेनने काटा खाली ठेवला. आवाज दूर जाऊन थांबेपर्यंत तो तसाच बसला, आणि मग पुन्हा जेवायला लागला.